आमच्या सालामांका प्रतिनिधीकडून

६ जानेवारी २०२५, सोमवार

आजपासून मी स्पेनमध्ये! तिकीट नाही, व्हिसा नाही, साधा सुट्टीचा अर्जसुद्धा नाही.

सकाळच्या बैठकीत देवमन साहेबांनी टेबलावर थाप मारली. साहेब आमच्या पेपरचे संपादक आणि मालकही तेच, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालणारा माणूस अकोल्यात अजून जन्मायचा आहे. "रागिणीताई, तुमची रविवार पुरवणी मेली. राशिभविष्य आणि वांग्याचं भरीत, दुसरं काय राहते तिच्यात? युरोप आणा." एकवीस वर्षं ती पुरवणी मी एकटी काढते आहे, आणि मेली म्हणे! मी विचारलं, युरोपला जाणार कोण? सगळे हसले. म्हणजे मीच, खुर्चीवरून.

सदराचं नाव 'शहर आणि परिसर'. शहर एकच, जोवर चालेल तोवर. शहराचं नाव सालामांका. तेच का? तर सप्टेंबरात आपण बातमी छापली होती ना — 'तेल्हाऱ्याची लेक स्पेनला रवाना'. नत्थुजींची पौर्णिमा. औषधांचं शिकलेली, आता सालामांकाच्या विद्यापीठात दोन वर्षांसाठी. साहेब म्हणाले, "आपल्या जिल्ह्याची पोरगी तिथं आहे. झालं, स्थानिक संबंध आला."

तो सत्कार मीच कव्हर केला होता. खरं तर सहा सत्कार, दोन दिवसांत. चौकात वीस फुटी फ्लेक्स, त्यावर पौर्णिमाच्या डोक्यामागे आयफेल टॉवर. देश चुकला, पण शुभेच्छुकांचे बावीस फोटो बरोबर होते! पोरीच्या गळ्यात इतके हार की भाषणात नुसतं नाक दिसत होतं. आपल्याकडे माणूस निघायच्या आधीच पोचवतात.

लेखाखाली माझं नाव नाही. 'आमच्या सालामांका प्रतिनिधीकडून'. माझ्या कपाटात पासपोर्ट आहे, दुसरा. पहिला कोराच संपला. हाही कोरा आहे.

९ जानेवारी, गुरुवार

लिहायला बसले आणि खरं सांगते, मजा आली!

शहर छान आहे बाई. तोर्मेस नावाची नदी, तिच्यावर रोमन लोकांनी बांधलेला पूल, अजून उभा. आपल्याकडे उद्घाटनाच्या फितीआधी खड्डा तयार असतो. आठशे वर्षांचं विद्यापीठ. दोन चर्चं एकमेकांना चिकटून, एक जुनं, एक नवं — 'नवं' म्हणजे पाचशे वर्षांचं. सगळं गाव एकाच पिवळसर दगडाचं, आणि संध्याकाळच्या उन्हात ते सोन्यासारखं दिसतं म्हणतात. बुरुजांवर करकोचे घरटी करतात. विद्यापीठाच्या दारावर इतकं कोरीवकाम की डोळे फिरावेत, त्यात एका कवटीवर एक बेडूक लपलेला. ज्या विद्यार्थ्याला तो कुणी न दाखवता सापडेल तो पास! आपल्या विद्यापीठांनीही कोरायला हरकत नाही, निकाल तरी वेळेवर लागेल.

साडेचारला नेट गेलं. लेख दोनशे शब्द कमी. आमचा पानं मांडणारा नागसेन संगणकापुढे बसलेला, तिकडून ओरडला, "ताई, खाली एवढी जागा पांढरी दिसून राहिली, काहीतरी टाका!" मग टाकलं. पुलाजवळ एक छोटं हॉटेल. मालक आंद्रेस काका, सत्तरीचे, एका डोळ्याची मांजर पाळलेली. दुधात दालचिनी घालून देतात, आणि परगावच्या प्रत्येक विद्यार्थ्याला आधी विचारतात — जेवलीस का?

स्पेनच्या माणसाला काय पडली आहे कोण जेवलं! तो माणूस सरळ आमच्या अकोल्याच्या जठारपेठेतला झाला आहे. पण जागा भरली.

१२ जानेवारी, रविवार

छापून आलं. पुलाच्या फोटोखाली 'छाया : आमचा प्रतिनिधी'. नागसेनला विचारलं कुठून आणलास, तर म्हणतो, "ताई, न विचारलेलं बरं."

१७ जानेवारी, शुक्रवार

नत्थुजी ऑफिसात आले. तेल्हाऱ्याहून, बसने, खास. पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी, पिशवीत घडी घातलेली आमची पुरवणी. साठीचे असतील. बायको जाऊन सहा वर्षं झाली, एकच मुलगी. पायपुसण्यावर चपला काढून आत आले — ऑफिसात! असा माणूस पाहिला की मला उगीच अपराधी वाटतं, आणि अपराधी वाटलं की राग येतो.

"हे तुमी लिह्यलं काय मॅडम?"

हो म्हटलं.

"म्हंजे तुमी जाऊन आल्या तिकडे?"

नाही म्हणणार होते. शपथेवर सांगते, तोंडापर्यंत 'नाही' आलं होतं. पण मागे साहेब उभे. साहेबच म्हणाले, "म्हणजे काय! आमच्या ताई महिनाभर होत्या तिथं." महिनाभर! मागचा महिना तर मी सर्दीने घरात पडून होते.

मग नत्थुजी बसले आणि एकेक विचारत गेले. थंडी किती राह्यते? दूध कसं भेटते, थैलीत का बाटलीत? पोरीचं होस्टेल नदीपासून दूर असन का? रस्त्यानं एकटं-दुकटं चालाले भेव तर नाही? मी ठोकत गेले. थंडी उणे दोन. दूध डब्यात. नदी दहा मिनिटांवर. भेव कसलं, सगळीकडे विद्यार्थीच विद्यार्थी! ते प्रत्येक उत्तराला मान हलवायचे, पाठ करत असल्यासारखी.

जाताना म्हणाले, "पोट्टी फोनवर जास्त बोलत नाही. अब्यास राह्यते तिले. तुमी लिह्यलं तं मले समजते." आणि पिशवीतून मूठभर बोरं काढून टेबलावर ठेवली. बोरं गोड होती. किती भोळं असावं एखाद्याने!

२० जानेवारी, सोमवार

कालचा लेख चर्चच्या दरवाजावर. त्या पाचशे वर्षांच्या दारावर एक अंतराळवीर कोरलेला आहे, शिरस्त्राण-बूट सगळं घालून. १९९२ साली दुरुस्ती करताना कारागिरांनी घातला. हे खरं आहे, चार ठिकाणी तपासलं.

धामणगाव रेल्वेहून एका सुज्ञ वाचकाचं पत्र: 'अंतराळवीराची थाप न पटणारी. वाचकांना मूर्ख समजू नये. बाकी आंद्रेस काकांसारखी माणसं आज दुर्मिळ. त्यांना नमस्कार कळवावा.'

कळवते हो. नक्की कळवते.

२१ जानेवारी, मंगळवार

नत्थुजींचा फोन. आवाजात नुसता आनंद.

"मॅडम, पोरीले इचारलं म्या. म्हटलं, थो आंद्रेस काका तुले भेटते काय? तं थे म्हने, हो बाबा, रोज भेटते. पह्यले इचारते जेवली का, मंगच दूध देते. अन् थे मांजरबी हाय म्हने, एका डोयाची!"

मी "अच्छा" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? फोन ठेवला.

आंद्रेसला मी जन्माला घातला, गुरुवारी, साडेचार वाजता, नेट गेलं म्हणून! मांजरीचा डोळा मी फोडला! मग ही पोरगी रोज भेटते कोणाला?

२२ जानेवारी, बुधवार

नागसेनला सांगितलं. कुणाला तरी सांगणं भागच होतं. आमच्या ऑफिसात अक्कल आहे ती सगळी नागसेनजवळ, म्हणूनच त्याला कोपऱ्यात बसवलं आहे. तो शांतपणे म्हणाला, "ताई, आंद्रेस नावाचे तिकडे पैशाले पासरी असतीन. मांजरं बी असतीन. एक डाव अजून पाहा. असं काही लिहा की जे तिकडे असूच शकत नाही."

मठाच्या अंगणात पेरूचं झाड लिहिलं. उणे दोनमध्ये पेरू! परीक्षेच्या दिवसांत मठातल्या नन विद्यार्थ्यांना पेरू कापून देतात, तिखट-मीठ लावून. साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, "हे बरं लिहिलं. अंतराळवीर वगैरे नको आता."

२८ जानेवारी, मंगळवार

"मॅडम, पेरू खाल्ले म्हने पोरीनं! दोन! तिखट जरासं कमी होतं म्हने."

नत्थुजी हसत होते. मी पण हसले. नंतर बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. पौर्णिमा सालामांकात नाही. त्या बापाला हे माहीत नाही आणि मला माहीत आहे. झक मारली आणि पेरू लावला.

३० जानेवारी, गुरुवार

'पोरीची मुलाखत घ्यायची आहे' म्हणून नत्थुजींकडून तिचा नंबर घेतला. मेसेज टाकला — मी रागिणी, सालामांका प्रतिनिधी.

तीन तास काही नाही. मग: 'मॅडम, बाबांना सांगू नका. भेटता का?'

कुठे?

'अमरावती. राजापेठ.'

मला वाटलं होतं दिल्ली, मुंबई, गेला बाजार पुणे. अमरावती! रेल्वेने दोन तास!

२ फेब्रुवारी, रविवार

सकाळच्या गाडीने बडनेरा, तिथून ऑटो. औषधाचं दुकान, काउंटरमागे पौर्णिमा, अंगात पांढरा कोट. बातमीतल्या फोटोपेक्षा बारीक झाली आहे. मालकाला "मावशी आल्या" म्हणून सांगून बाहेर आली. समोरच्या गाडीवर गिलावडा घेतला. मी प्रेमाने वगैरे विचारणार होते, पण तिनेच सुरुवात केली.

"तुमीच ना थ्या? 'रवाना' तुमीच छापलं ना? मी तवा मुंबईले बी पोचली नव्हती!"



मग तिने सांगितलं. जागा पक्की झाली होती, ते खरं. व्हिसा 'येऊनच राहिला' होता. पण गावाला कुठला दम! कुणीतरी म्हणालं, आपल्या गटाने आधी सत्कार केला नाही तर दुसरा गट करेल. एकाने केला म्हणून दुसऱ्याने केला. फ्लेक्स लागला. आम्ही छापलं. ती मुंबईला व्हिसा घ्यायला गेली, आणि तीन दिवसांनी नकार हातात. एका दाखल्यावरची तारीख जुनी निघाली म्हणे. एवढंच! पुन्हा अर्ज करा, पुढच्या वर्षी बघू.

"परत निघाली. अकोला आलं, गाडी पाच मिनटं थांबली. मी वरच्या बर्थवर चादर तोंडावर घेऊन पडली होती. उतरा कशी? दोन बॅगा घेऊन त्या चौकातून जाऊ, त्या फ्लेक्सखालून? सहा श्रीफळं घेतली मॅडम मी! बाबा त्या दिवशी स्टेजवर रडले होते. आई गेली तवा बी चारचौघात नाही रडले. बडनेऱ्याले उतरली. मैत्रिणीची खोली होती इथं."

पाच महिने ती तिथंच आहे. विद्यापीठाने जागा पुढच्या वर्षासाठी ठेवली आहे, दुसरा अर्ज गेला आहे, उत्तर एप्रिलमध्ये. "एप्रिलमदी हो आलं तं सपटेंबरात खरंच जाईन. कुणाले काही समजणार नाही. नाही आलं तं मंग सांगीनच बाबाले, तोंड घेऊन उभी राहीन. पण आता नाही. आता सांगतलं तं थे गावात मान वर करून फिरू शकणार नाहीत."

मी म्हटलं, आणि हे आंद्रेस?

पहिल्यांदा हसली. "काय करू? बाबा फोनवर इचारत बसायचे, कसं हाय, काय हाय. मी काय सांगणार, राजापेठ सांगू? दोन मिनटात फोन ठेवून देत होती. तुमचा लेख आला तं मले बोलाले काहीतरी भेटलं."

मी तिला रागावणार होते. गिलावड्याचे पैसे देऊन परत आले.

१० फेब्रुवारी, सोमवार

आमचं ठरलं आहे. शुक्रवारी लेख पौर्णिमाकडे जातो, रविवारी छापून येतो, सोमवारी बापलेक बोलतात. पोरगी भलती कडक आहे! पहिल्याच लेखात सात चुका काढल्या. 'मॅडम, नदी गावाच्या उत्तरेला नाही, दक्षिणेला आहे.' 'शिंपल्यांचं घर म्हणतात त्या जुन्या वाड्यावर तीनशेच्या वर शिंपले कोरले आहेत, तुम्ही शंभर लिहिले.' 'बर्फ पाडायचा असेल तर आधी सांगत जा, मी बाबांना काल ऊन सांगितलं.' तिला त्या शहराच्या गल्ल्या पाठ आहेत. कुठल्या दाराने आत जायचं, कुठे वळायचं, वाचनालय किती वाजता उघडतं. जायचंच होतं ना तिला. जिथे पाय ठेवला नाही त्या गावाची एवढी माहिती मी कुणाकडे पाहिली नाही, आणि साहेबांना वाटतं लेखात दम माझ्यामुळे आला!

नत्थुजी दर मंगळवारी फोन करतात. आता मला त्यांच्याशी बोलताना घाम येतो. इतकं गोड कुणी फसवून घेतं का? माणसाने थोडा तरी संशय घ्यावा!

१७ फेब्रुवारी, सोमवार

काल 'परिसर' होता. सालामांकाच्या डोंगराकडे ला अल्बेर्का म्हणून एक गाव आहे, दगड-लाकडाची घरं. तिथे गावाचं मिळून एक डुक्कर असतं. मोकळं फिरतं, ज्या दारात जाईल तिथे त्याला खायला मिळतं, आणि जानेवारीत त्याची सोडत निघते. अगदी खरी प्रथा. मी लिहिलं, आपल्या गावात अशी चारशे आहेत, फक्त सोडत काढायची राहिली आहे.

साहेबांनी सगळं कापलं. "ताई, रविवारी सकाळी चहासोबत डुक्कर? लोक पेपर फेकतीन. त्याच्या जागी ते आंद्रेस टाका." टाकले. काल आंद्रेस काकांनी मांजरीचं बारसं केलं.

माझ्या लेखातलं खरं तेवढं कापलं जातं. बाकीचं घराघरांत वाचतात.

३ मार्च, सोमवार

सत्यानाश!

तेवीस मार्चला पेपरचा वर्धापनदिन. साहेबांनी जाहीर केलं: 'थेट सालामांकाहून'. भरल्या सभागृहात मोठा पडदा, पडद्यावर पौर्णिमा, व्हिडिओवर, आंद्रेस काकांच्या हॉटेलातून! स्टेजवर नत्थुजींचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार — 'आदर्श पिता'. बापलेकीची भेट, सगळ्यांसमोर. "एकाही डोळ्याले कोरडं राहू द्यायचं नाही ताई!" त्यानंतर सालामांका बंद, पुढच्या रविवारपासून जपान.

मी म्हटलं, तिची परीक्षा असेल. म्हणे, पाच मिनिटं. मी म्हटलं, तिथे दुपार असेल. म्हणे, दुपारी तर उजेड चांगला.

पौर्णिमाला फोन केला.  ती एवढंच म्हणाली, "पुन्हा सत्कार?"

८ मार्च, शनिवार

नागसेनची योजना: मागे पुलाच्या फोटोचा पडदा, समोर ट्यूबलाइट, आवाज मुद्दाम तुटक. "मी करून देतो ताई, कोणाच्या बापाले समजणार नाही." मग स्वतःच ओशाळला, कारण समजायचं बापालाच होतं. पौर्णिमा म्हणाली, "फोनवर खोटं बोलता येते मॅडम. बाबाच्या डोयात पाहून नाही येत. मी रडीन."

मी खूप रागावले. तिच्यावर नाही. त्या फ्लेक्सवर, साहेबांवर, माझ्या त्या 'रवाना'वर. एक फोन करून व्हिसा आला का एवढं विचारलं असतं तर? नाही विचारलं. पान लवकर छपाईला सोडायचं होतं.

१२ मार्च, बुधवार

तेल्हाऱ्याला गेले. सांगून टाकायचं, नत्थुजींना घरात, एकट्याला, मंचावर कळायच्या आत. पौर्णिमाला न विचारता. तिने मला जन्मभर शिव्या दिल्या तरी चालतील.

चौकात फ्लेक्स अजून आहे. उन्हाने पोरीचा चेहरा पार उडाला, टॉवर मात्र शाबूत.

घर दोन खोल्यांचं, झाडून-पुसून लख्ख. कपाटाच्या दारावर माझे नऊच्या नऊ लेख चिकटवलेले, एकाखाली एक, ओळीत. ते पाहिलं आणि अर्धी हिंमत गेली. नत्थुजींनी स्वतः भाकरी थापली, झुणका केला. मी म्हटलं, "नत्थुजी, मला तुम्हाला काही सांगायचं होतं."

"सांगजा ना. पह्यले जेवून घ्या. मॅडम, मार्चमदी तिकडे झाडाले पाला येते काय?"

येतो, म्हटलं.

भाकरी झाल्यावर पुन्हा सुरुवात केली. "पौर्णिमाबद्दल —"

"हुशार हाय पोट्टी. मायसारखी हाय. हे करकोचे, थे बारा महिने राह्यते का जाते कुठी?"

तिसऱ्यांदा तोंड उघडलं, तर उठून पाणी आणायला गेले आणि अंगणातूनच विचारलं, विद्यापीठाच्या घंटा किती वाजता वाजतात. मी घंटा सांगितल्या. चारची बस पकडली.

डरपोक! एकावन्न वर्षांची बाई, एकवीस वर्षं पत्रकार, आणि एका साध्या माणसापुढे चार शब्द बोलता आले नाहीत. त्याच्या प्रश्नांपुढे माझं काही चाललं नाही.

२२ मार्च, शनिवार

सभागृहात पडदा लागला. साहेब माइकवर स्पॅनिशमध्ये 'होला, होला' करून बघत होते. मला त्यांच्या डोक्यात ते श्रीफळ घालावंसं वाटलं.

पौर्णिमाचं ठरलं: पडदा-बिडदा काही नको. फोन लागला की दुकानातूनच उचलणार, पांढऱ्या कोटात, आणि सगळ्यांसमोर सांगणार, बाबा, मी इथं आहे. मी नको म्हटलं. ती म्हणाली, "मंग कवा मॅडम? तुमचं जपान सुरू झाल्यावर मी काय बोलू बाबासोबत?"

उद्या सहा वाजता. 

२३ मार्च, रविवार

फोन लागलाच नाही. लावूच दिला नाही. शाल अंगावर पडताच नत्थुजींनी साहेबांच्या हातून माइक घेतला. "पोरीची उद्या परीक्षा हाय. आज तिले तरास देऊ नका. म्या बाप म्हून हात जोडतो." टाळ्या! साहेबांनी डोळे पुसले आणि जपान जाहीर केलं.

खाली उतरून नत्थुजी माझ्याजवळ आले. शाल घडी करत, हळूच बोलले.

"मॅडम, दिवाळीच्या पह्यले डोये दाखवाले अमरावतीले गेल्तो. दवाई घ्याले दुकानाची पायरी चढलो, तं आत थे उभी. पांढरा कोट घालून, एका म्हातारीले दवाईच्या गोया समजावून देत होती. मी मांगच्या मांग उतरलो."

शालीची घडी त्यांनी पिशवीत ठेवली.

"तवा फोन केला की दोन मिनटात ठेवे. तुमचा लेख आला अन् पोट्टी अर्धा अर्धा घंटा बोलाले लागली. हासाले लागली. म्हून म्या तुमाले तेल्हाऱ्यात बोलू नाही देल्लं. थे सांगीन तवा सांगीन." मग माझा हात धरला, पहिल्यांदाच. "तोवर जपान नका लिहू ना मॅडम."